अमेरिकेत सैन्यात आहात आणि भाड्याने राहता? ऑर्डर्स आल्यावर लीज मुदतीआधी कशी संपवायची, अगदी पहिल्यापासून

अमेरिकेच्या आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, मरीन कोअर, स्पेस फोर्स किंवा कोस्ट गार्डमध्ये जो ॲक्टिव्ह ड्युटीवर (पूर्णवेळ सेवेत) आहे त्याला बदली किंवा डिप्लॉयमेंटची (मोहिमेवर जायची) ऑर्डर आली की भाड्याचं घर मुदतीआधी सोडायचा हक्क फेडरल कायद्याने दिलेला आहे. घरमालकाची मेहरबानी नाही ती. हे सुरुवातीलाच सांगते कारण आपल्या मराठी घरातली जी मुलंमुली इथे सैन्यात जातात (सिटिझनशिप नसली तरी ग्रीन कार्डवर भरती होता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं) त्यांचे आईबाबा पुण्यामुंबईच्या लीव्ह अँड लायसन्सच्या हिशोबाने सल्ला देतात, की बाळा लॉक-इन आहे, सही केलीयस, आता भरून टाक आणि मोकळा हो. आणि ते पोरगं दोन महिन्यांचं भाडं पेनल्टी म्हणून भरून खरंच मोकळं होतं, एक पैसा द्यायची गरज नसताना. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

कायद्याचं नाव सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट, बोलताना सगळे एससीआरए म्हणतात. सध्याच्या रूपात तो १९ डिसेंबर २००३ पासून लागू आहे पण मूळ बरंच जुनं, आधी १९४० चा सोल्जर्स अँड सेलर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट होता आणि त्याच्याही आधी पहिल्या महायुद्धात १९१८ चा. घराच्या लीजचं कलम म्हणजे युनायटेड स्टेट्स कोड, टायटल ५०, सेक्शन ३९५५. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, लीजिंग ऑफिसात (घरं भाड्याने देणाऱ्यांच्या ऑफिसात) बोलताना "माझा काहीतरी मिलिटरी हक्क आहे" असं म्हणण्यापेक्षा सेक्शन ३९५५ म्हटलं की समोरचा माणूस नीट बसून ऐकतो.

आधी बघा, तुमची केस यात बसते का

मुख्य तीन रस्ते आहेत. पहिला, लीज सही केली तेव्हा तुम्ही सिव्हिलियन होता आणि लीज चालू असताना सैन्यात दाखल झालात. दुसरा, सैन्यात असतानाच लीज केली आणि नंतर पीसीएस म्हणजे पर्मनंट चेंज ऑफ स्टेशनची ऑर्डर आली, किंवा ९० दिवस किंवा त्याहून जास्त काळ डिप्लॉय व्हायची ऑर्डर आली, युनिटबरोबर असो की एकट्याने एखाद्या मिलिटरी ऑपरेशनसाठी. तिसरा रस्ता २०२० मध्ये कोविडच्या वेळी आला, बदलीची ऑर्डर आली म्हणून नवीन गावात लीज करून बसलात आणि मग आणीबाणीमुळे वरून स्टॉप मूव्हमेंट ऑर्डर म्हणजे आहात तिथेच थांबायचा हुकूम आला, बेमुदत किंवा निदान ३० दिवसांची, तर त्या नवीन घराची लीजही मोडता येते. तेव्हा कितीतरी जण दोन दोन घरांचं भाडं भरत अडकले होते, त्यातून ही सुधारणा झाली.

आता जिथे लोक फसतात ते. ६० दिवसांचं ट्रेनिंग किंवा छोटी टीडीवाय (तात्पुरती ड्युटी) यात बसत नाही. बेसवर सरकारी क्वार्टर मिळालं म्हणून बाहेरची लीज मोडायची असेल तर फेडरल कायदा त्याला मदत करत नाही. स्वतःचं घर विकत घेतलं म्हणूनही नाही. रिटायरमेंट किंवा सेपरेशनची ऑर्डर असेल तर घाईने नोटीस देऊन टाकू नका, आधी बेसवरच्या लीगल असिस्टन्स ऑफिसात (सैन्याचं कायदेशीर मदत देणारं ऑफिस) जा, कारण तिथे राज्याचा कायदा बरेचदा जास्त स्पष्ट असतो.

राज्याचा कायदा हा अख्खा वेगळा आधार आहे आणि तो विसरायचा नाही. व्हर्जिनियात (नॉरफोकमुळे तिथे नेव्हीची माणसं प्रचंड) ॲक्टिव्ह ड्युटीतून सुटलात तरी लीज संपवता येते, आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा हुकूम झाला व त्यामुळे हाउसिंग अलाउन्स बंद होणार असेल तरीही. फ्लोरिडात त्याहून पुढे जाऊन, बेसवर घर मिळायला तुम्ही पात्र झालात आणि तुम्ही ते घ्यायचं ठरवलंत तरी चालतं. मात्र या दोन्ही राज्यांच्या कायद्यात बदलीसाठी ३५ मैलांची अट आहे. फेडरल कायद्यात मैलांची अटच नाही. त्यामुळे लीजमध्ये "५० मैलांपेक्षा लांब बदली झाली तरच" असं छापलेलं असलं आणि तुमच्याकडे पीसीएस ऑर्डर असली तर त्या ओळीला घाबरायचं कारण नाही.

रिझर्व्ह (राखीव दल) आणि नॅशनल गार्डवाल्यांसाठी (राज्याराज्यांचं दल, गव्हर्नरही बोलावू शकतो) थोडं वेगळं. रिझर्व्हवाल्याला ॲक्टिव्ह ड्युटीची ऑर्डर हातात पडली त्या दिवसापासून संरक्षण सुरू होतं, हजर व्हायच्या दिवसापासून नाही. गार्डवाल्याला गव्हर्नरने पूर आला किंवा वणवा लागला म्हणून राज्याच्या ड्युटीवर बोलावलं तर एससीआरए लागत नाही. राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या राष्ट्रीय आणीबाणीसाठी, फेडरल पैशावर, सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बोलावलं तर लागतो. राज्याच्या ड्युटीसाठी पुष्कळ राज्यांनी स्वतःचे कायदे केलेत, ते बघायचे.

लीजवर नाव कुणाचं आहे, हे आत्ताच काढून बघा

हा मुद्दा मी मुद्दाम मोठा करतेय कारण आपल्या लोकांत हमखास होणारी गोष्ट आहे. बायको नेव्हीत, नवरा आयटीत, क्रेडिट स्कोअर नवऱ्याचा चांगला आणि पेस्टबही (पगाराच्या पावत्या) त्याच्या मोठ्या, म्हणून लीज त्याच्या एकट्याच्या नावावर. सगळं छान चालतं आणि मग तिची बदली सॅन डिएगोला होते. कायदा बोलतो ते सर्व्हिसमेंबरने केलेल्या किंवा त्याच्या वतीने केलेल्या लीजबद्दल. तिचं नावच कागदावर नसेल तर घरमालक म्हणतो, माझा करार तुमच्याशी आहे, तुमची कुठे बदली झालीय? मग तिच्या वतीने केली होती हे पटवत बसावं लागतं. दोघांची नावं असतील तर प्रश्नच मिटतो, सर्व्हिसमेंबरने लीज संपवली की त्याच लीजवरची जोडीदाराची जबाबदारीही आपोआप संपते, दोघांनी वेगळी नोटीस द्यायची गरज नाही.

डिपेंडंट म्हणजे फक्त नवराबायको आणि मुलं असं नाही. ज्या माणसाचा अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही मागचे १८० दिवस उचललेला आहे तोही यात येतो, म्हणजे तुमच्याजवळ राहणारे आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईबाबा येऊ शकतात. पण रूममेट येत नाही. तीन मित्रांनी मिळून घर घेतलं आणि एकाची बदली झाली तर त्याची जबाबदारी संपते, बाकी दोघांची नाही, घरमालक त्यांच्याकडे पूर्ण भाडं मागू शकतो. म्हणून ऑर्डर आली की घरमालकाच्या आधी रूममेटला सांगा, त्याला दुसरा माणूस शोधायला वेळ मिळतो आणि मैत्री टिकते. आणि न्यू जर्सीत बसलेल्या बाबांनी मुलासाठी को-साइन केलं (जामीन म्हणून सही केली) असेल तर त्यांनाही कळवा, घरमालक पहिला फोन त्यांनाच लावतो आणि ते घाबरून चेक लिहून देतात.

ऑर्डर्स म्हणजे नक्की कुठला कागद

पुष्कळ वेळा तोंडी कळलेलं असतं पण छापील ऑर्डर यायला आठवडे लागतात, आणि लीजिंग ऑफिस म्हणतं ऑर्डर दाखवा मगच. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. मिलिटरी ऑर्डर्स या शब्दात कमांडिंग ऑफिसरने दिलेलं पत्र, सर्टिफिकेट किंवा व्हेरिफिकेशनसुद्धा येतं, तुमच्या आत्ताच्या किंवा पुढच्या ड्युटीबद्दलचं. म्हणजे कमांडरच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र चालतं. त्यात तारीख, पीसीएस आहे की डिप्लॉयमेंट आणि डिप्लॉयमेंट असेल तर ९० दिवस किंवा जास्त, इतकं स्पष्ट हवं. कुठे जाताय, काय काम आहे ते लिहायची गरज नाही. छापील ऑर्डर दिली तर कॉपीवरचा सोशल सिक्युरिटी नंबर आणि बाकीच्यांची नावं काळी करूनच द्या. समोरच्याला तुम्ही खरंच ॲक्टिव्ह ड्युटीवर आहात का याची खात्री करायची असेल तर डिफेन्स डिपार्टमेंटची एससीआरए वेबसाइट आहे, तिथे त्याला स्वतः बघता येतं.

नोटीस

नोटीस लेखी हवी. फोनवर सांगितलं, ऑफिसातल्या बाईंना सांगितलं, मेंटेनन्सवाल्याला सांगितलं, याला काही किंमत नाही. पत्र इंग्रजीत, एका पानाचं, साधं. त्यात तारीख, तुमचं आणि लीजवरच्या सगळ्यांचं नाव, घराचा पूर्ण पत्ता युनिट नंबरसकट, लीजची तारीख, मग एक वाक्य की एससीआरए, टायटल ५०, सेक्शन ३९५५ खाली मी ही लीज संपवत आहे, ऑर्डर्सची कॉपी सोबत जोडली आहे, कायद्याप्रमाणे लीज अमुक तारखेला संपते, त्या तारखेपर्यंतचं भाडं मी भरेन, डिपॉझिट आणि आगाऊ भरलेलं भाडं या पत्त्यावर पाठवा. खाली सही. विनंतीची भाषा नको, "परवानगी मिळावी" असलं काही लिहू नका, कारण परवानगी मागितली की नाही म्हणायची जागा तयार होते.

लीजिंग ऑफिस बहुतेक वेळा स्वतःचा फॉर्म पुढे करतं. तो फॉर्म नीट वाचा. वर "नोटीस टू व्हेकेट" असतं, मध्ये ६० दिवसांची चौकट असते आणि खाली बारीक अक्षरात अर्ली टर्मिनेशन किंवा बायआउट फीचा (मुदतीआधी सोडायच्या दंडाचा) पर्याय टिक केलेला असतो. टिक काढायला लावा किंवा तो फॉर्म भरूच नका, तुमचं पत्र पुरेसं आहे. आणि "एससीआरए वेव्हर" (म्हणजे हक्क सोडल्याचा करार) असं शीर्षक असलेला वेगळा कागद समोर आला तर त्यावर अजिबात सही करायची नाही. हक्क सोडून देणारा करार वैध ठरायला तो लीजपासून वेगळ्या कागदावर, लेखी आणि निदान १२ पॉइंटच्या अक्षरात असावा लागतो, म्हणूनच तो असा सुटा येतो. मूळ लीजच्या पंधराव्या पानावर गाडलेल्या ओळीने तुमचा हक्क जात नाही, पण सुट्या कागदावरच्या सहीने जाऊ शकतो.

पोचवायचे मार्ग कायद्यात दिलेत. हातोहात देता येते, फेडएक्स यूपीएससारख्या खाजगी कुरियरने, किंवा पोस्टाने रिटर्न रिसीट मागून. आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही चालतं, म्हणजे घरमालकाने दिलेल्या ईमेलवर किंवा टेनंट पोर्टलवर. माझं मत असं की दोन मार्ग वापरा. हातात द्या आणि तुमच्या कॉपीवर तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव आणि सही घ्या, आणि त्याच दिवशी तेच पत्र ऑर्डरसकट ईमेल करा. सही द्यायला कोणी तयार नसेल तर पोस्टाचा रिटर्न रिसीटचा, म्हणजे पोचपावतीच्या हिरव्या कार्डाचा रस्ता धरा. पत्र आहे पण ऑर्डर जोडायची राहिली, असं झालं की नोटीस अपुरी धरतात आणि तारीख पुढे सरकते, तेव्हा पाकीट बंद करायच्या आधी दोन्ही कागद आत आहेत ना बघा.

तारखेचं गणित, इथेच पैसे वाचतात किंवा जातात

सगळ्यांना वाटतं नोटीस दिली की ३० दिवसांनी सुटलो. तसं नाही. दर महिन्याला भाडं असेल तर नोटीस पोचल्यानंतर जी पुढची भाड्याची तारीख येते, तिथून ३० दिवस मोजायचे.

समजा भाडं १ तारखेला असतं. नोटीस २८ ऑगस्टला पोचली. पुढची भाड्याची तारीख १ सप्टेंबर, तिथून ३० दिवस म्हणजे १ ऑक्टोबरला लीज संपली. आता तीच नोटीस लाँग वीकेंड आहे, नंतर बघू म्हणून २ सप्टेंबरला दिली. पुढची भाड्याची तारीख आता १ ऑक्टोबर, तिथून ३० दिवस म्हणजे ३१ ऑक्टोबर. पाच दिवसांच्या आळसाला अख्ख्या महिन्याचं भाडं, १,८०० डॉलरचं घर असेल तर जवळपास तेवढेच गेले. म्हणून ऑर्डर महिन्याच्या शेवटी आली तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवून त्याच दिवशी नोटीस द्या. आणि बरोबर १ तारखेला देऊ नका, कायदा पोचल्या*नंतरची* तारीख धरतो.

उलटंही होतं. मे महिन्यात ऑर्डर आली, जायचं ऑगस्टअखेर, आणि उत्साहाने मेमध्येच नोटीस दिली तर जुलैच्या सुरुवातीला घर सोडायची वेळ येते. म्हणजे जायच्या दिवसावरून मागे मोजत या आणि नोटीस कुठल्या महिन्यात पोचायला हवी ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्याऐवजी वर्षाचं किंवा सहामाही भाडं एकदम भरायची लीज असेल तर नियम वेगळा, नोटीस पोचली त्याच्या पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी लीज संपते.

काय भरायचं, काय नाही

लीज संपायच्या तारखेपर्यंतचं भाडं भरायचं, शेवटचा महिना अर्धवट असेल तर दिवसांच्या हिशोबाने. लाइट पाणी जे वापरलं ते भरायचं. घराची नेहमीच्या वापरापेक्षा जास्त मोडतोड केली असेल तर तो वाजवी खर्च भरायचा. अर्ली टर्मिनेशन फी भरायची नाही, तिला लीज ब्रेक फी म्हणा, रीलेटिंग फी (घर पुन्हा भाड्याने द्यायचा खर्च) म्हणा, नाव काहीही असलं तरी नाही. बाहेर पडताना फायनल अकाउंट स्टेटमेंट मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा, कारण फी तिथेच वेगळ्या नावाने बसवलेली असते. लीज घेताना "एक महिना फ्री" मिळाला होता आणि आता तो महिना परत मागतायत, असा चार्ज दिसला तर तो सरळ लीगल असिस्टन्स ऑफिसला दाखवा, मुदतीआधी सोडल्याची शिक्षाच आहे ती.

पुढच्या काळाचं आगाऊ भरलेलं भाडं असेल तर लीज संपल्यापासून ३० दिवसांत परत मिळायला हवं. डिपॉझिटची मुदत मात्र राज्यावर आहे, कॅलिफोर्नियात २१ दिवस, टेक्सास आणि न्यू जर्सीत ३०, व्हर्जिनियात ४५. त्यासाठी फॉरवर्डिंग ॲड्रेस लेखी देऊन ठेवा, बेसवरचा नवीन पत्ता माहीत नसेल तर आईबाबांचा द्या. टेक्सासमध्ये तर लेखी पत्ता दिल्याशिवाय डिपॉझिट परत करायची सक्तीच होत नाही. मूव्हर्स सामान घेऊन गेले की रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, ओव्हनच्या आतून, फ्रिजच्या मागून, बाथरूमच्या कोपऱ्यांपासून, आणि किल्ल्या दिल्याची पोच घ्या.

बूट कॅम्पला (सुरुवातीच्या ट्रेनिंगला) जाणाऱ्यांनी हे आधी करा

नवीन भरती होणाऱ्यांची अडचण अशी की हक्क सुरू होतो सैन्यात दाखल झाल्यावर, आणि दाखल झालात की आठवडेच्या आठवडे फोन हातात नसतो. डिलेड एंट्री प्रोग्रॅममध्ये (आत्ता नाव नोंदवायचं, जायचं नंतर) नाव घातलं म्हणजे दाखल झालात असं नाही. म्हणून निघायच्या आधी घरच्या एका विश्वासू माणसाला पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) देऊन जा, तो माणूस तुमच्या वतीने नोटीस देऊ शकतो. पत्र तयार करून सही करून ठेवा, लीजची कॉपी, पोर्टलचा पासवर्ड, घरमालकाचा ईमेल सगळं त्याच्याकडे द्या. आणि घरमालकाला आधीच भेटून सांगा, बरेच जण चांगले असतात, ऐकतात.

घरमालक नाहीच ऐकला तर

भांडत बसू नका. बेसवर जॅग कोअरचं (सैन्यातल्या वकिलांच्या विभागाचं) लीगल असिस्टन्स ऑफिस असतं, सर्व्हिसमेंबर आणि कुटुंबाला फुकट, तिथून वकिलाच्या लेटरहेडवर एक पत्र गेलं की बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात. त्याने नाही झालं तर जस्टिस डिपार्टमेंटच्या सिव्हिल राइट्स डिव्हिजनकडे तक्रार जाते, ते घरमालकावर केस करू शकतात, आणि तुम्हाला स्वतःलाही कोर्टात जाता येतं. लीज कायदेशीर संपवलेली असताना जाणूनबुजून तुमचं सामान किंवा डिपॉझिट अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. आणि हक्क वापरला एवढ्याच कारणावरून क्रेडिट रिपोर्ट खराब करता येत नाही, तरी घर सोडल्यावर तीन चार महिन्यांनी रिपोर्ट काढून बघाच, न भरलेली फी कलेक्शनला (वसुली एजन्सीकडे) पाठवलेली असली तर लवकर कळलेलं बरं. घरमालकालाही लीज संपायच्या आधी कोर्टात जाऊन सवलत मागायची मुभा आहे, पण कोर्टाचा हुकूम येईपर्यंत तुमची तारीख तीच.

एक गोष्ट लिहावीशी वाटत नाही पण लिहायला हवी. सेवेत असताना सर्व्हिसमेंबरचा मृत्यू झाला तर त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत जोडीदाराला लीज संपवता येते, ही तरतूद २०१८ मध्ये आली. नंतर सेवेत असताना झालेली भयंकर इजा किंवा आजार यासाठीही तशीच एक वर्षाची मुदत दिली गेली. अशा घरात त्या दिवसांत कोणाला कायदा आठवणार, तेव्हा आपल्या मंडळातल्या, शेजारच्या कोणीतरी पुढे होऊन हे कागद त्यांच्यासाठी करून द्यावेत.

पुढची लीज करताना तीन गोष्टी बघा: सर्व्हिसमेंबरचं नाव लीजवर आहे, मिलिटरी क्लॉज (ऑर्डर आली तर लीज संपवायची अट) आहे आणि तो फेडरल कायद्यापेक्षा कमी देत नाही, आणि नोटीस कुठल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर द्यायची ते लिहिलेलं आहे. सही करायच्या आधी लीजची कॉपी लीगल असिस्टन्स ऑफिसला दाखवता येते, त्याचे पैसे लागत नाहीत. गाडी लीजवर असेल तर तिलाही असाच हक्क आहे पण अटी वेगळ्या, डिप्लॉयमेंट १८० दिवस किंवा जास्त हवं आणि नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत गाडी परत करावी लागते. फोन आणि इंटरनेटच्या कॉन्ट्रॅक्टचंही बघून घ्या, त्याच ऑर्डरची कॉपी तिथे चालते.